माल शिल्लक नाही?

आमच्या घरात कुणी चांगली बातमी आणली की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुला कोनी सांगितलं?" सांगणाऱ्याचं नाव कळलं की दुसरा, "त्याला काय मिळनार त्याच्यात?" बोंबीलवाली दारात आली तर आई बोंबील हातात घेऊन आधी तिच्या तोंडाकडे बघायची, मग बोंबलाकडे. कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट मी घरी आणलं तेव्हा तिने ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, मागून पुढून पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर शिक्का कोनाचा हाय?" मला तेव्हा तिचा राग यायचा. पुढे आयुष्यभर मी जे काम केलं ते मुळात तेच होतं. मोठमोठ्या सिस्टिम उभ्या करायच्या, आणि त्या ज्याच्यावर भिस्त ठेवतात त्या प्रत्येक गोष्टीकडे बघून विचारायचं, तुला कोनी सांगितलं. कंपनीत याला आर्किटेक्ट म्हणतात आणि त्यासाठी वातानुकूलित खोली देतात. आई हे चुलीपुढे बसून करायची.

आम्ही कोनला राहायचो, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून. रात्रंदिवस ट्रक जायचे, आणि रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून लूमची खटखट यायची. पाहुणे आले की त्यांना झोप लागत नसे. आम्हाला मात्र लाईट गेली आणि खटखट थांबली की जाग यायची. रविवारी सकाळी विहारातल्या वंदनेचा आवाज त्या खटखटीतूनच कानावर यायचा, त्यामुळे माझ्या मनात आजही दोन्हींची चाल एकच आहे. घरात तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कधी वालाची भाजी. नाना, म्हणजे माझे वडील, जेवताना बोलत नसत. बाहेरही बेताचंच बोलत. मानकोलीला हाजीसाहेबांचं सुताचं गोडाऊन होतं, तिथे ते कीपर होते. ओळखीचे ट्रकवाले त्यांना रांजनोलीच्या नाक्यावरून पुढे सोडायचे आणि तसेच परत आणायचे. गोडाऊनच्या चाव्या त्यांच्या कमरेला असत. घरी आल्यावर त्या खुंटीला लागत, आणि त्या खुंटीला दुसरं काही अडकवलेलं त्यांना चालत नसे.

हाजीसाहेब जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. बोलायचे आमच्यासारखंच, मधूनमधून उर्दू घालून. धंदा मोठा, आणि संशय त्याहून मोठा. त्यांचा मेहुणा पूर्वी हिशेब बघायचा, त्याला त्यांनी काढला. मग पुतण्याला बसवलं, त्यालाही काढला. शेवटी त्यांनी भिवंडीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आणला. बाजारातले लोक हसले, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, "याला मेहुना न्हाय." एवढंच. ऑफिसातल्या एकुलत्या एका एसी खोलीत मशीन बसलं, त्यावर हाजीसाहेबांच्याच लूमवरच्या कोऱ्या कापडाची खोळ शिवून घातली, आणि आत जाताना सगळे चपला काढू लागले. मुनीमजी तर त्या खोलीत आवाज खाली आणायचे. मशीन ऐकतं आणि रात्री साहेबांना सांगतं, अशी त्यांची खात्री होती. मी एकदा हसून म्हटलं, "मुनीमजी, त्याला कान नाहीत." त्यांनी माझ्याकडेही तशाच नजरेने पाहिलं.

मला तिथे घेतलं ते शिकाऊ म्हणून. नानांनी शब्द टाकला होता. पण हाजीसाहेबांचा हिशेब वेगळा होता, तो त्यांनी माझ्या तोंडावरच सांगितला. "बाप गोडाऊनात, पोरगी मशीनवर. एकाने गडबड केली तर दुसऱ्याचा चेहरा सांगेल." अशी माझी नेमणूक झाली. मशीनचा खरा मालक होता सबनीस, डोंबिवलीचा, एका सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, हुशार, थोडा उतावळा. प्रोग्राम त्याने लिहिलेला. हाजीसाहेबांना समजावं म्हणून पडद्यावरचे प्रश्न इंग्रजी अक्षरांत पण मराठीत ठेवले होते, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. रोज संध्याकाळी तो मानकोलीला फोन लावायचा. जे लॉट संपत आलेले असत त्यांची नावं एकेक करून पडद्यावर येत, आणि प्रत्येकाखाली प्रश्न येई, माल शिल्लक नाही? उत्तराला दोनच बटणं, होयचा एच, नाहीचा एन. सबनीस फोनवर प्रश्न वाचायचा, पलीकडचं उत्तर ऐकायचा आणि मला म्हणायचा, "एच मार," किंवा "एन मार." मी मारायची. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नसे. एक आठवडा दिवसाची ड्युटी नानांची असे, तेव्हा फोन तेच घ्यायचे. दुसऱ्या आठवड्यात मिश्राजी, जौनपूरकडचे.

पहिले महिना-दोन महिने सगळे मशीनच्या प्रेमात होते. मग हाजीसाहेब ते लांबलचक छापील कागद घरी नेऊन वाचू लागले. एका सकाळी ते कागद हातात घेऊनच एसी खोलीत आले, चपला न काढता. मशीन म्हणत होतं अमुक लॉट संपला, पण त्यातला उरलेला माल गेल्याचं चलानच नव्हतं. दुसऱ्या एका लॉटमध्ये मशीन म्हणत होतं माल आहे, आणि चलान सांगत होतं सगळा गेला. हाजीसाहेब कुणाला न सांगता गाडी काढून मानकोलीला गेले. मशीनने संपला म्हटलेल्या लॉटची पोती थप्पीला तशीच होती. मशीनने आहे म्हटलेल्या लॉटची जागा झाडून स्वच्छ होती.

कुणालाही वाटेल, इथेच विषय मिटला. मशीन चुकलं. पण ते भिवंडी होतं आणि ते हाजीसाहेब होते. सुताच्या बाजारात एक जुनी चाल होती. एखाद्या लूमवाल्याचं सूत अडलं की तो गोडाऊन कीपरला गाठायचा, दुसऱ्या कुणाचा माल चार दिवस उसना उचलायचा आणि आपला आला की गुपचूप आणून भरायचा. कधी त्याच भावाचा, कधी हलका. थप्पी भरलेली दिसायची, मालकाला पत्ता नाही. त्यामुळे पोती जागेवर असणं हा हाजीसाहेबांच्या दृष्टीने पुरावाच नव्हता. "माल हाय, ता मी डोळ्यानं बघितला," ते मुनीमजींना म्हणाले, मी दारात उभी असताना. "पन त्या दिवशी कीपर मशीनला न्हाय बोलला. मंग कुठं फिरून आला? आनि चलान काय, कोन पन लिहितो." मग त्यांनी सबनीसला विचारलं, हे कुणाच्या ड्युटीत होतं. सबनीसने बघितलं. सगळं, एकूण एक, नानांच्या आठवड्यातलं होतं. मिश्राजींच्या आठवड्यात एकही नाही.

गोडाऊनला दुसरं कुलूप आलं. त्याची चावी मुनीमजींकडे, म्हणजे नानांनी सकाळी दारात उभं राहून मुनीमजींच्या माणसाची वाट बघायची. निघताना डबा उघडून दाखवायचा. सुताची पोती डब्यातून कोण नेणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. नानांनी विचारला असता तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "माल बराबर हाय." हाजीसाहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं, लाडीगोडीने विचारलं. "माल बराबर हाय, साहेब." मशीन खोटं बोलतं का, असं विचारलं की नाना गप्प बसायचे. त्यांच्या या गप्प बसण्यानेच हाजीसाहेबांची खात्री होत गेली.

खरं सांगते, घरातही काही वेगळं नव्हतं. आई भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "त्या कोपरच्या लूमवाल्याला तुमी वळखता ना?" नाना जेवत राहायचे. "न्हाय, मी आपली इचारते. त्यानं दिवाळीला मिठाई कशाला धाडली व्हती?" मिठाई सगळ्या कीपरना गेली होती, मिश्राजींनाही. आईला ते ठाऊक होतं. तरी एकदा तिने नानांच्या सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहिले, आणि मी ते पाहिलं, आणि तिने मला पाहताना पाहिलं. मला सबनीसचा संशय यायचा. मिश्राजींचा यायचा. रांजनोलीच्या नाक्यावर नाना एका माणसाशी बोलताना दिसले तर मी रिक्षात मान वळवून तो माणूस नजरेआड होईपर्यंत बघत राहिले. त्या दिवसांत नाना जेवताना मला बघायचे. माझ्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे. भाकरी मोडणाऱ्या बोटांकडे. मला वाटायचं, ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

आता कुणी म्हणेल, एवढी कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, तिने प्रोग्राम का नाही तपासला? तपासला होता. सबनीस जेवायला गेला की मी त्याचा कोड वाचायची. कोड बरोबर होता. एच म्हणजे संपला, एन म्हणजे शिल्लक, आणि माझी बोटं त्याने सांगितलेलंच बटण दाबत होती. कागदावर कुठेही चूक नव्हती. पुढे मी अशा कितीतरी खोल्यांमध्ये बसले जिथे सगळा कोड बरोबर होता आणि बाहेर कुणाचं तरी नुकसान होत होतं. तेव्हा मात्र मला एकच गोष्ट कळत होती. मशीन बरोबर असेल तर माझे वडील चोर आहेत.

शेवटी हाजीसाहेबांनी निरोप धाडला. जुम्म्याच्या नमाजानंतर नानांनी चाव्या आणून द्याव्यात. बोभाटा करणार नाही, पोलिसात जाणार नाही, एवढी मेहरबानी. आई ते ऐकून चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. गोडाऊनवरून चोर म्हणून उतरलेल्या माणसाला मानकोलीपासून दापोड्यापर्यंतच्या गोडाऊनांत कुणी दारात उभं करत नसे. नानांना दुसरं काम येत नव्हतं. आणि आमच्या वस्तीतला माणूस म्हटलं की लोक असलं काही मानायला तयारच बसलेले असत, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सबनीस चहा पीत होता. माणूस वाईट नव्हता, माझ्याशी बोलायला त्यालाही जड जात असावं. म्हणाला, "मला पण वाईट वाटतं गं. पण तुझे वडील तरी कमाल आहेत. इथे कबूल करत नाहीत आणि फोनवर रोज स्वतःच्या तोंडाने सांगतात. मी विचारतो, माल शिल्लक नाही? आणि ते बिनधास्त," त्याने नानांच्या आवाजाची नक्कल केली, मान थोडी झटकून, "हाय!" आणि तो हसला. "होयसुद्धा नाही. हाय!"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मला त्या क्षणी नानांचा खरा आवाज ऐकू आला, पोत्याच्या थप्पीवर हात ठेवून सांगणारा. माल शिल्लक न्हाय? हाय. म्हणजे आहे. आमच्याकडे हाय हे कुणाला होकार द्यायला म्हणत नाहीत. एखादी वस्तू असली की म्हणतात. माल असला की नाना म्हणायचे हाय, आणि डोंबिवलीच्या सबनीसला ते गावठी होय वाटायचं, आणि तो मला सांगायचा एच मार. माल संपला की नाना म्हणायचे न्हाय, आणि मी एन मारायची. मिश्राजी तर हिंदीत बोलायचे. माल संपला तर "हाँ जी, खतम," राहिला तर "नहीं, अभी है." त्यांचं दर वेळी बरोबर बसायचं.

सबनीसला तिथेच सांगावं असं वाटलं, पण माझ्यातली आई जागी झाली. बापाला वाचवायला पोरीने रचलेली गोष्ट, असंच तो म्हणाला असता. मी सरळ हाजीसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्या टेबलावर त्याच लाईनचा दुसरा फोन होता. मी म्हटलं, "साहेब, आज संध्याकाळी सबनीस मानकोलीला फोन करील तेव्हा तुम्ही इथून उचला. बोलू नका. फक्त ऐका."

त्यांनी चष्मा वर केला. "म्हंजे तू आता बापाला सांगून ठेवनार, काय बोलायचा ता."

"मी इथून हलत नाही," मी म्हटलं.

"बस मंग," ते म्हणाले, आणि खरंच मला समोरच्या खुर्चीत बसवून ठेवलं. दुपारभर. पाणी प्यायला उठले तर शिपाई बरोबर. दोनदा मुनीमजी येऊन डोकावून गेले. मी हाजीसाहेबांच्या टेबलावरच्या काचेखालचे व्यापाऱ्यांचे पत्ते वाचत बसले, आणि मनात एकच भीती होती, की आज नाना काही वेगळं बोलतील.

सबनीसने फोन लावला. हाजीसाहेबांनी हळूच रिसीव्हर उचलून कानाला लावला. खोली इतकी शांत होती की मलाही पलीकडचं पुसट ऐकू येत होतं.

"नाना, लॉट अठ्ठावन्न. माल शिल्लक नाही?"

"हाय."

"लॉट एकसष्ट. माल शिल्लक नाही?"

"न्हाय."

हाजीसाहेबांनी बोलायच्या बाजूवर तळहात धरला आणि माझ्याकडे वैतागून पाहिलं. "याच्यात काय ऐकायचा? बराबर तर बोलतो. अठ्ठावनात हाय, एकसष्टात न्हाय."

"आता पडदा बघा," मी म्हटलं.

ते उठले. एसी खोलीत सबनीस रिसीव्हर खांद्याला लावून स्वतःच टाइप करत होता. पडद्यावर अठ्ठावन्नपुढे आलं होतं, संपला. एकसष्टपुढे, शिल्लक. हाजीसाहेबांनी बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सबनीस, तो काय बोलला?"

"होय म्हणाले."

"होय न्हाय बोलला. हाय बोलला."

"तेच ना साहेब. हाय म्हणजे होय."

"हाय म्हंजे हाय!" हाजीसाहेब ओरडले. "हाय म्हंजे माल हाय! अरे, माझी आई पन हेच बोलते!"

फोनमधून नानांचा आवाज येत होता, "हॅलो? साहेब? हॅलो?" मला रडू कोसळलं, आणि ते मी आवरलं नाही.

माफी कुणी मागितली नाही. हाजीसाहेबांनी निरोप मागे घेतला, एवढंच. सबनीसने रातोरात प्रश्न बदलला, माल आहे? पण त्याचं समाधान झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोनवर तो नानांना म्हणाला, "नाना, जरा शुद्ध बोलत चला. होय किंवा नाही. म्हणजे असले घोटाळे होणार नाहीत." दुसऱ्या कुलपाविषयी मी हाजीसाहेबांना विचारलं. म्हणाले, "राहू दे. आनलाच हाय तर."

घरी मी सगळं सांगितलं. समजायला आईला वेळ लागला, नानांना अजिबात लागला नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून ते म्हणाले, "म्हंजे तुझा हात चुकत नव्हता?"

"माझा हात?"

"मला वाटलं, तू बटन चुकीचं दाबतेस. नवी हायस." ते थाळीकडे बघत होते. "मशीन खोटं बोलतं असा मी बोललो असतो, तर पहिली तुला काढली असती."

आईने पदर तोंडाला लावला. तिने कुणाचे खिसे तपासले होते ते तिला आठवत असणार. मला नाक्यावरचा तो माणूस आठवला. नाना मात्र त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवले, आणि मला म्हणाले, "हात चुकत नव्हता ना? मंग झालं."

त्यानंतर मी ठाण्याला, मग पुण्याला गेले, नोकऱ्या बदलल्या, मोठी झाले. माझ्या टीममधल्या पोरांना माझा एक नियम चेष्टेचा वाटतो. पडद्यावरचा कुठलाही प्रश्न नकारात विचारायचा नाही, आणि तो त्या माणसाला, त्याच्या गावात जाऊन, मोठ्याने वाचून दाखवायचा. ते हसतात आणि करतात. पण नानांवर मात्र सबनीसचाच नियम चालला. पुढे घरी फोन बसला, पण त्यावर ते कधी आपल्या भाषेत बोलले नाहीत. रिसीव्हर हातात आला की ताठ उभे राहायचे आणि पुस्तकी बोलायचे. "होय. माझी प्रकृती चांगली आहे. नाही, काही अडचण नाही." मी पुण्याहून कितीदा म्हटलं, नाना, मी आहे, सुजाता. "होय," ते म्हणायचे, "कळले."

त्यांचा गुडघा धरला तेव्हाची गोष्ट. मिटिंगच्या घाईत मी फोनवर विचारलं, "नाना, आता दुखत नाही ना?"

"होय," ते म्हणाले.

दुखत नाही हे खरं, की दुखतं? जगातल्या कुठल्याही माणसाला मी तो प्रश्न असा विचारला नसता. पुन्हा विचारलं तर ते पुन्हा होयच म्हणणार होते. मी मिटिंग सोडली, मिळाली ती एसटी पकडली आणि दिवेलागणीला कोनला उतरले. नाना ओट्यावर पाय लांब करून बसले होते. मला बघून उठू लागले, तर मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि गुडघ्यावर हात ठेवला.

"दुखणं आहे का अजून?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाय," नाना म्हणाले.